पाकिटावरचा २८२ आणि पोटातली भाकरी

आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून निघून वेळापूरच्या मुक्कामी येते. गावाअलीकडच्या टेकडीवरून तुकोबांना पंढरीच्या मंदिराचा कळस दिसला आणि ते तेथून धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. म्हणून वारकरीही त्या उतारावर ‘धावा’ करतात आणि धापा टाकत, नामघोष करत अर्धनारीनटेश्वराच्या या जुन्या गावात शिरतात. आता मध्ये भंडीशेगाव आणि वाखरी एवढेच मुक्काम उरलेले असतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ चाललेला, कधी उन्हात तापलेला तर कधी पावसात भिजलेला हा समाज वाटेत काय खातो, हा प्रश्न आरोग्याच्या दृष्टीने लहान नाही. दिंडीची पंगत असते, गावकरी पिठले-भाकरी वाढतात, कोणी केळी तर कोणी राजगिऱ्याचे लाडू हातावर ठेवतो. परंतु दोन पंगतींच्या मधल्या भुकेसाठी जी शिदोरी जवळ बाळगली जाते, तिच्यात दोन पिढ्यांच्या दोन वस्तू शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एक सोलापूरकडची कडक भाकरी आणि दुसरे स्लाइस ब्रेडचे पाकीट.

दोन्ही टिकाऊ म्हणूनच बरोबर घेतलेली असतात. टिकण्याची त्यांची रीत मात्र अगदी भिन्न आहे. कडक भाकरी पातळ थापून, मंद आचेवर पापडासारखी कुरकुरीत होईपर्यंत शेकलेली असते. तिच्यात पाणीच इतके थोडे उरते की बुरशीला जगता येत नाही. ब्रेडमध्ये याउलट वजनाच्या साधारण ३५ ते ४० टक्के पाणी असते. त्याचा मऊपणा म्हणजे ते पाणीच. पावसाळी दमट हवेत असा ओला, गोडसर, स्टार्चने भरलेला पदार्थ प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवला तर दोन-तीन दिवसांत त्यावर हिरवे-काळे ठिपके दिसू लागावेत, हे स्वाभाविक आहे. ते पाच-सहा दिवस दिसत नाहीत, याचे कारण पाकिटाच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत छापलेले असते: परिरक्षक (२८२).

हा २८२ म्हणजे कॅल्शियम प्रोपिऑनेट. प्रोपिऑनिक नावाच्या सेंद्रिय आम्लाचा आणि कॅल्शियमचा हा पांढरा, पाण्यात विरघळणारा क्षार. अनेक घरांतून आजकाल त्याच्याविषयी चिंता व्यक्त होते. भ्रमणध्वनीवर फिरणारे संदेश त्याला कधी विष ठरवतात, तर कधी कर्करोगाचे कारण. दुसरीकडे ‘सरकारने परवानगी दिली आहे, मग चिंता कशाला’ असे म्हणून विषय संपवणारेही आहेत. दोन्ही उत्तरे आळशीपणाची आहेत. या क्षाराची खरी हकिगत या दोहोंपेक्षा पुष्कळ रंजक आहे आणि ती आपल्या भाकरीपर्यंत येऊन पोहोचते.

१८४४ साली योहान गॉटलीब या रसायनशास्त्रज्ञाला साखरेच्या विघटनातून एक नवे आम्ल मिळाले. पुढील काही वर्षांत इतरांनाही निरनिराळ्या मार्गांनी अशीच आम्ले सापडली. ती सारी एकच आहेत, हे फ्रान्समधील ज्याँ-बातिस्त द्युमा यांनी १८४७ मध्ये दाखवले आणि ग्रीक भाषेतील ‘पहिला’ व ‘मेद’ या अर्थाच्या दोन शब्दांवरून त्याचे नाव प्रोपिऑनिक ठेवले. मेदाम्लांचे गुण ज्यात प्रथम दिसू लागतात असे, केवळ तीन कार्बन अणूंचे हे सर्वांत लहान आम्ल. त्याच्या आधीचा दोन कार्बनांचा भाऊ म्हणजे ॲसिटिक आम्ल, अर्थात आपले व्हिनेगर. पुढचा चार कार्बनांचा भाऊ ब्युटिरिक आम्ल, ज्याच्यामुळे खवट लोण्याला तो ओळखीचा उग्र वास येतो. 

येथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. आपल्या अन्नविषयक कायद्याने परिरक्षकांचे दोन वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गात मीठ, साखर, मसाले, मध, खाद्यतेल आणि व्हिनेगर. म्हणजे आजीच्या लोणच्याच्या बरणीतील सारी मंडळी. दुसऱ्या वर्गात बेंझोएट, सॉर्बेट, सल्फाइट, नायट्राइट आणि प्रोपिऑनेट. पहिल्या वर्गाला मर्यादा नाही, दुसऱ्याला आहे. व्हिनेगर आणि प्रोपिऑनिक आम्ल ही सख्खी भावंडे. एकाला घरात मुक्त प्रवेश आणि दुसऱ्याला दारात ओळखपत्र. ही विभागणी सोयीची आणि सावधपणाची आहे, याबद्दल तक्रार नाही. पण ‘पहिला वर्ग म्हणजे निर्धोक’ असा अर्थ कोणी काढू नये. आपल्या घरांत रक्तदाबाचे जे रुग्ण आहेत, त्यांचे नुकसान दुसऱ्या वर्गातील प्रोपिऑनेटपेक्षा पहिल्या वर्गातील मिठाने कितीतरी अधिक केले आहे.

ब्रेडसाठी नेमका हाच क्षार का निवडला गेला, हे समजून घेतले म्हणजे त्याचा स्वभाव कळतो. ब्रेड फुगतो तो यीस्टमुळे, आणि यीस्ट ही बुरशीचीच नातलग. बुरशीला मारणारे बहुतेक पदार्थ यीस्टलाही मारतात. सॉर्बेट कणकेत घातले तर ब्रेड नीट फुगत नाही. प्रोपिऑनेट मात्र यीस्टला फारसे न दुखवता बुरशीला आवरते. आम्लधर्मी कणकेत त्याचे काही अंशी मूळ आम्लात रूपांतर होते. ते आम्ल बुरशीच्या पेशीच्या आवरणातून सहज आत शिरते, आत गेल्यावर विघटित होते आणि पेशीच्या अंतर्भागाची आम्लता वाढवते. ती आम्लता बाहेर ढकलण्यातच बुरशीची सारी शक्ती खर्ची पडते आणि तिची वाढ खुंटते. येथे ‘खुंटते’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रोपिऑनेट बुरशीला ठार मारत नाही, तिला थोपवून धरते. म्हणूनच पाकिटावरची तारीख उलटली की तीच बुरशी नेटाने उगवते.

त्याचे दुसरे काम उष्ण प्रदेशात अधिक मोलाचे ठरते. पिठात ‘बॅसिलस’ जातीच्या जिवाणूंचे बीजाणू असतात. ते इतके चिवट असतात की भट्टीतल्या उष्णतेतूनही ब्रेडच्या मध्यभागी जिवंत राहतात. नंतर हवा गरम असली की ते जागे होतात आणि ब्रेडचा आतला भाग चिकट, तारा सुटणारा करून टाकतात. त्याला अतिपक्व फळासारखा गोडसर वास येतो. बाहेरून ब्रेड चांगला दिसतो, आतून मात्र बिघडलेला असतो. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा हा बिघाड सहज संभवतो. प्रोपिऑनेट त्यालाही आळा घालते. अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याचा वापर रुळला. आपल्याकडे पाकीटबंद ब्रेडला खरी चालना मिळाली ती केंद्र सरकारने १९६५ साली ‘मॉडर्न बेकरीज’ ही कंपनी स्थापन केल्यानंतर. त्याआधी ब्रेड म्हणजे शहरातील साहेबी खाणे, आणि खेड्यात ‘ताप आलेल्या माणसाला दूध-पाव’ एवढेच त्याचे स्थान. गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासून पोदेराचा पाव रोजच्या जेवणात होता. पण तो सकाळी भाजून त्याच दिवशी संपायचा, म्हणून त्याला परिरक्षकाची गरजच नव्हती.

भारतात ब्रेडमध्ये या क्षाराची कमाल मर्यादा एका किलोला ५ ग्रॅम, म्हणजे अर्धा टक्का, इतकी आहे. घरगुती भाषेत हिशोब मांडू. ४०० ग्रॅमच्या पाकिटात कायद्याने जास्तीत जास्त २ ग्रॅम क्षार असू शकतो. पाकिटात सोळा चकत्या धरल्या तर एका चकतीत १२५ मिलिग्रॅम. प्रत्यक्षात पुष्कळदा याहून कमी वापरला जातो, कारण जास्त झाला तर ब्रेडला चीजसारखा वास येतो आणि तो फुगायलाही वेळ घेतो. सकाळी चार चकत्या खाणाऱ्याच्या पोटात अशा रीतीने फार तर अर्धा ग्रॅम जातो. हा आकडा ध्यानात ठेवावा, पुढे उपयोगी पडेल.

तत्पूर्वी एका गैरसमजाचा उलगडा आवश्यक आहे. २०१६ च्या मे महिन्यात दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने ब्रेड, पाव, बन आदींचे ३८ नमुने तपासून त्यांपैकी ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट आढळल्याचे जाहीर केले. ब्रोमेट हे कणकेला बळ देण्यासाठी वापरले जात असे आणि ते कर्करोगकारक असण्याचा संभव आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी आधीच नोंदवला होता. पुढच्याच महिन्यात भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने त्यावर बंदी घातली. ही घटना लोकांच्या स्मरणात राहिली. मात्र नाव विसरले गेले. ‘ब्रेडमध्ये कर्करोगाचे रसायन सापडले’ एवढेच उरले आणि तो आरोप पाकिटावर जो आकडा दिसतो त्याच्या माथी, म्हणजे २८२ च्या माथी, बसला. ब्रोमेट आणि प्रोपिऑनेट यांचा रसायन म्हणून काहीही संबंध नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१४ मध्ये प्रोपिऑनेटांचे नव्याने मूल्यमापन केले, तेव्हाही प्रचलित मर्यादेत त्यांच्यापासून धोका दिसत नसल्याचा निर्वाळा दिला.

एवढ्यावर हा लेख संपवता आला असता. परंतु प्रोपिऑनेटची अर्धी कथा कारखान्यात घडते आणि उरलेली अर्धी आपल्या पोटात.

वेळापूर-अकलूजच्या पट्ट्यात कालव्याचे पाणी आहे, ऊस आहे आणि दारोदार गाई-म्हशी आहेत. त्यांच्या पोटातील पहिल्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव कडबा आणि हिरवा चारा आंबवत असतात आणि त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही तीन आम्ले तयार होतात. गाईला गवतातून साखर जवळजवळ मिळतच नाही. तिचे यकृत प्रामुख्याने या प्रोपिऑनिक आम्लापासूनच ग्लुकोज बनवते आणि त्या ग्लुकोजपासून दुधातली साखर तयार होते. आपण सकाळी चहात जे दूध घालतो, त्याच्या गोडव्याचे मूळ असे या आम्लात आहे. विण्याच्या सुमारास कॅल्शियम कमी पडून गाय बसते, तेव्हा तिला तोंडावाटे जी औषधे देतात, त्यांतील काहींत हेच कॅल्शियम प्रोपिऑनेट असते. ब्रेडमधला जो क्षार पाहून आपण दचकतो, तोच गोठ्यात औषध म्हणून येतो.

माणसाचे पोट गाईसारखे नसले तरी आपल्या मोठ्या आतड्यातही असाच एक छोटा गोठा आहे. जे तंतू आणि जो स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, तो तेथील जिवाणूंच्या वाट्याला येतो. तेही त्याचे किण्वन करून हीच तीन आम्ले बनवतात. तंतुमय आहार घेणाऱ्या माणसाच्या आतड्यात रोज काही ग्रॅम प्रोपिऑनेट तयार होते, म्हणजे चार चकत्या ब्रेडमधून मिळणाऱ्या कमाल अर्ध्या ग्रॅमपेक्षा कितीतरी पट अधिक. ते आतड्याच्या भिंतीतून यकृताकडे जाते आणि बहुतांश तेथेच वापरले जाते. मोठ्या आतड्यातील काही पेशी त्याची चाहूल लागताच तृप्तीची जाणीव देणारी संप्रेरके रक्तात सोडतात.

आता भाकरीकडे वळू. मंगळवेढा हे ज्वारीचे कोठार म्हणून पूर्वापार प्रसिद्ध. तेथील मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, तर मैद्यात तीन ग्रॅमही भरत नाहीत. ज्वारीचा स्टार्चही तुलनेने सावकाश पचतो आणि त्याचा काही अंश मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो. म्हणजे ज्वारीची भाकरी खाणारा माणूस आपले प्रोपिऑनेट स्वतःच बनवतो, आणि ब्रेड खाणारा ते पाकिटातून विकत घेतो. आम्ल तेच, पण ते शरीरात कोठे, केव्हा आणि कशाच्या सोबतीने उतरते, यात फरक आहे. गेल्या काही वर्षांतील संशोधनाचा रोख याच फरकाकडे आहे.

२०१५ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रोपिऑनेटला इन्युलिन या तंतूशी असे जोडण्यात आले की ते लहान आतड्यात सुटू नये, थेट मोठ्या आतड्यात जाऊनच मोकळे व्हावे. वजन अधिक असलेल्या ६० प्रौढांना २४ आठवडे हा पदार्थ किंवा नुसते इन्युलिन दिले गेले. ज्यांना प्रोपिऑनेट मिळाले त्यांच्यात वजन वाढण्याचे प्रमाण कमी राहिले.

२०१९ मध्ये हार्वर्ड आणि इस्रायलमधील संशोधकांनी याच्या उलट बाजूने पाहिले. १४ निरोगी व्यक्तींना एका जेवणासोबत १ ग्रॅम प्रोपिऑनेट दिले आणि दुसऱ्या वेळी तसेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य. या वेळी प्रोपिऑनेट वरच्या मार्गाने, जेवणात मिसळून, एकदम शोषले गेले. त्यानंतर रक्तात नॉरएपिनेफ्रिन, ग्लुकॅगॉन आणि चरबीच्या पेशींतून स्रवणारे एक प्रथिन यांचे प्रमाण वाढले. शरीर जणू उपाशी असल्याप्रमाणे यकृताकडून साखर मागवू लागले आणि ती आवरण्यासाठी इन्शुलिनही अधिक सोडावे लागले. उंदरांना दीर्घकाळ थोडे थोडे प्रोपिऑनेट दिले तेव्हा त्यांचे वजन वाढले आणि इन्शुलिनला शरीर दाद देईनासे झाले.

आपल्या हिशोबाने १ ग्रॅम म्हणजे कमाल प्रमाण असलेल्या आठ चकत्या. चौदा माणसांच्या एका जेवणावरून ‘ब्रेडने मधुमेह होतो’ असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. पण दोन वेळा ब्रेड, मधल्या वेळी बन, संध्याकाळी पावभाजी असा ज्यांचा दिवस असतो, त्यांच्यासाठी हा प्रयोग दुर्लक्षणीयही नाही. मधुमेह ज्या घरात पिढीजात आहे, तेथे तर मुळीच नाही. अर्थात अशा माणसाला अपाय आधी मैद्यातील झटकन पचणाऱ्या स्टार्चने आणि मिठाने होईल, प्रोपिऑनेटचा क्रमांक त्यानंतर. शंभर ग्रॅम ब्रेडमध्ये साधारण एक ग्रॅम मीठ असते आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅमच्या आत ठेवण्यास सांगते. संख्या वाचायचीच असेल तर २८२ बरोबर पाकिटावरील सोडियमचा आकडाही वाचावा, असा माझा आग्रह आहे.

मुलांविषयीचा प्रश्न निराळा आहे. ऑस्ट्रेलियात २००२ मध्ये २७ मुलांवर एक नियंत्रित चाचणी झाली. ही मुले चिडचिड, अस्वस्थता, चंचलता, झोपमोड अशा तक्रारींची होती आणि परिरक्षकविरहित आहारावर त्यांच्यात सुधारणा दिसली होती. त्यांना न सांगता काही दिवस प्रोपिऑनेट असलेला ब्रेड आणि काही दिवस नसलेला ब्रेड देण्यात आला. सरासरी गुणांत स्पष्ट फरक निघाला नाही. तथापि ५२ टक्के मुलांचे वर्तन प्रोपिऑनेटच्या दिवसांत बिघडले, तर १९ टक्क्यांचे सुधारले. ही मुळातच संवेदनशील म्हणून निवडलेली मुले होती, त्यामुळे हा निष्कर्ष सर्व मुलांना लावता येत नाही. परंतु आपले मूल विनाकारण चिडचिडे होते, रात्री नीट झोपत नाही आणि रोजच्या डब्यात ब्रेड असतो, असे असेल तर दोन-तीन आठवडे ब्रेडऐवजी पोळी, धिरडे, भाकरीचा काला द्यावा आणि काय होते ते वहीत लिहून ठेवावे. यात खर्च नाही, धोका नाही. फरक पडला नाही तर कारण अन्यत्र शोधावे आणि बालरोगतज्ज्ञांना भेटावे. ब्रेड भाजून दिल्याने मात्र हा क्षार निघून जात नाही, हे ध्यानात असू द्यावे.

प्रोपिऑनेट शरीरात वापरले जाते त्या वाटेवर दोन जीवनसत्त्वे पहारा देतात. आरंभी बायोटिन आणि पुढे ब-१२. ब-१२ कमी असले की वाटेतच एक पदार्थ साचतो, मिथिलमॅलोनिक आम्ल. रक्तात ते वाढलेले आढळणे ही ब-१२ च्या कमतरतेची एक खात्रीची खूण मानतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या लोकांत ब-१२ ची कमतरता किती सर्वदूर आहे, हे अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवून दिले आहे. माळकरी, शाकाहारी घरांत हे विशेष लक्षात घ्यायला हवे. दूध, दही, ताक नियमित हवे आणि थकवा, हातापायांत मुंग्या, तोंड येणे, विसराळूपणा असे काही असेल तर तपासणी हवी. ब्रेड सोडल्याने ब-१२ वाढणार नाही; ही कमतरता स्वतंत्रपणे भरूनच काढली पाहिजे.

याच वाटेवरचा एक दुर्मीळ पण गंभीर आजार येथे सांगितला पाहिजे, कारण सोलापूर आणि त्याच्या दक्षिणेकडील भागात मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी, क्वचित मामाशीही लग्न करण्याची रीत अजून टिकून आहे. बायोटिनवर चालणारे विकर जन्मतःच सदोष असेल तर बाळाला प्रोपिऑनेट वापरताच येत नाही. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आले तरच हा आजार होतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. यात ब्रेडचा काही संबंध नाही. दुधातील प्रथिनांच्या पचनातूनच हे आम्ल तयार होते आणि साचते. जन्मतः चांगले दिसणारे बाळ पहिल्या काही दिवसांत दूध ओढेनासे होते, उलट्या करते, सुस्त पडते, श्वास जोरात घेऊ लागते. ही चिन्हे जंतुसंसर्गासारखीच दिसतात. घरात पूर्वी अशी बाळे दगावली असतील किंवा आईवडील नात्यातले असतील, तर डॉक्टरांना ते न विचारताही सांगावे. योग्य तपासणी वेळेवर झाली तर विशिष्ट आहार आणि औषधे यांच्या आधारे अशा बाळांना वाचवता येते. आजी-आजोबांनी संकोचापोटी ही माहिती दडवू नये.

विदेशात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांसाठी एक सूचना. तेथे ‘परिरक्षकविरहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही ब्रेडच्या घटकांत ‘कल्चर्ड व्हीट’ असे लिहिलेले असते. म्हणजे गव्हाचे पीठ विशिष्ट जिवाणूंनी आंबवलेले. त्या आंबवण्यातून पुष्कळदा प्रोपिऑनेटच निर्माण झालेले असते, आणि ब्रेड टिकतो तोही त्याच्यामुळेच. आकडा गेला, पदार्थ राहिला. एमेंटालसारख्या छिद्रांच्या स्विस चीजमध्येही ते अशाच जिवाणूंमुळे आपोआप असते. यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. पण जादा किंमत देताना काय विकत घेतो आहोत, हे माहीत असावे.

गावातल्या बेकरीतील लादीपावावर बहुधा आवरणच नसते, मग आकडा कोठून असणार? तो आजचा आहे की कालचा, एवढे विचारावे आणि त्याच दिवशी संपवावा. दाबल्यावर आत चिकटपणा जाणवला, तोडताना तार सुटली किंवा जास्त पिकलेल्या फळासारखा वास आला तर तो खाऊ नये. ब्रेड शीतकपाटात ठेवला तर बुरशी उशिरा येते, पण स्टार्च आकसून तो लवकर कडक होतो. बर्फाच्या कप्प्यात ठेवून लागेल तेवढाच काढणे बरे. कडक भाकरी मात्र कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, कारण पावसाळ्यात ती हवेतील ओल ओढते. सादळली तर तव्यावर पुन्हा शेकून घ्यावी. दात नसलेल्या वृद्धांना ती आमटीत किंवा ताकात चुरून, थोडा वेळ भिजवून द्यावी, वर शेंगाचटणी. रक्तदाब असेल त्यांच्या ताटात चटणीचे मीठ बेताने.

एक चूक मात्र घरोघर होते. बुरशी आलेल्या चकतीचा हिरवा भाग तोडून उरलेला खाल्ला जातो. बुरशीचे जे ठिपके दिसतात ते केवळ तिचे फळ. तिचे सूक्ष्म तंतू मऊ ब्रेडमध्ये खोलवर पसरलेले असतात. बंद पिशवीत एका चकतीवर ठिपका दिसला तर सारे पाकीट टाकावे. वास घेऊनही पाहू नये. दमा असलेल्यांना तो त्रासदायक ठरतो.

आणि ते पाकीट गाईम्हशींपुढेही टाकू नये. अन्न वाया जाऊ नये, मुक्या जनावराच्या मुखी लागावे, ही भावना चांगली आहे. परंतु काही बुरशींत अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृताला घातक द्रव्य तयार होते. जनावराच्या पोटात गेल्यावर त्याचे किंचित बदललेले रूप दुधात उतरते आणि दूध तापवल्याने ते नष्ट होत नाही. गोठ्यात टाकलेला बुरशीचा ब्रेड अशा रीतीने दुसऱ्या दिवशी दुधाच्या भांड्यातून लहान मुलाच्या पेल्यात परत येऊ शकतो. असा ब्रेड शेणखताच्या खड्ड्यात, वर मातीचा थर देऊन पुरावा.